छापील जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन होत नाही: दोष कुठे आहे ते ओळखणे आणि दूर करणे

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात क्यूआर कोड नसलेले हँडबिल आता क्वचितच छापले जाते. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यापासून विश्रामबागेतील क्लासचालकापर्यंत प्रत्येकाला जाहिरातीत तो चौकोन हवा असतो आणि छपाईच्या व्यवसायातील आम्हा मंडळींकडे वारंवार येणारी तक्रारही त्याच चौकोनाची असते: "कॉम्प्युटरवर स्कॅन होत होता, छापल्यावर होत नाही." या तक्रारीवर बहुतेक ठिकाणी दुसरा कोड बनवून देण्याचा उपाय केला जातो, पुन्हा हजारो प्रती छापल्या जातात आणि तीच तक्रार परत येते, कारण दोष कोड तयार करण्यात नसतोच. कोड बनवणारे सॉफ्टवेअर सहसा चुकत नाही. दोष असतो तो कोडमध्ये भरलेल्या मजकुरात, डिझाइन करताना झालेल्या फेरफारात, छपाईच्या शाईत किंवा जाहिरात जिथे लागते त्या जागेत. यांपैकी नेमका कुठला, हे ठरवल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे ग्राहकाच्या पैशांचा आणि कागदाचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी लक्षण पाहावे

छापील प्रत हातात घेऊन कॅमेरा तिच्यावर धरल्यावर काय घडते ते शांतपणे पाहावे. कॅमेऱ्याला कोड असल्याचे कळतच नसेल, तर बहुधा आकृतीची मोडतोड झालेली असते किंवा कोडभोवतीचा पांढरा समास खाल्लेला असतो. फोन पुढेमागे केल्यावर मोठ्या मिनतवारीने कोड वाचला जात असेल, किंवा महागड्या फोनवर वाचला जाऊन साध्या फोनवर वाचला जात नसेल, तर घरे (कोडमधले काळेपांढरे छोटे चौकोन) फार बारीक झाली आहेत किंवा शाई पसरली आहे असे समजावे. कोड चटकन वाचला जातो, पण पान उघडत नाही किंवा भलतेच उघडते, अशा वेळी छपाईकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. दोष दुव्यात आहे.

दुसऱ्या लक्षणात आकार आणि शाई यांचा निवाडा करण्यासाठी एक सोपी चाचणी उपयोगी पडते. छापील कोडचा जवळून स्वच्छ फोटो काढावा, तो संगणकाच्या पडद्यावर मोठा करावा आणि पडद्यावरून स्कॅन करावा. आता कोड सहज वाचला गेला, तर छपाई ठीक असून आकार लहान पडला आहे. मोठा करूनही वाचला जात नसेल, तर मोठा केलेल्या फोटोतच घरांच्या कडा विरघळलेल्या किंवा पांढरी घरे भरलेली दिसतील. ही चाचणी दोनचार मिनिटांत होते आणि डिझायनर, छापखाना व ग्राहक यांच्यातील वाद तिथेच मिटतो.

कोडमध्ये किती मजकूर भरला आहे

माझ्या अनुभवात बहुतांश तक्रारींचे मूळ इथे असते आणि इथेच सर्वांत कमी लोक पाहतात. क्यूआर कोड म्हणजे काळ्यापांढऱ्या घरांची चौरस जाळी. तिचा सर्वांत लहान प्रकार २१ गुणिले २१ घरांचा असतो; मजकूर वाढेल तशी दर पायरीला तिची बाजू चार घरांनी वाढते आणि चाळिसाव्या पायरीवर ती १७७ गुणिले १७७ होते. जाहिरातीत कोडसाठी राखलेली जागा मात्र तेवढीच राहते. म्हणजे मजकूर जितका जास्त, तितके प्रत्येक घर बारीक.

मराठी जाहिरातीला यात एक खास अडचण येते आणि ती उदाहरणानेच नीट समजते. हळदीच्या एखाद्या व्यापाऱ्याला पत्रकावर व्हॉट्सअॅपचा थेट दुवा हवा आहे असे धरू. नुसता डब्ल्यूए डॉट एमई हा पत्ता, त्यापुढे ९१ आणि दहा आकडी क्रमांक, एवढा दुवा सुरुवातीच्या एचटीटीपीएससकट २६ अक्षरांचा होतो. मध्यम दर्जाच्या त्रुटिनिवारणासह, म्हणजे कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून भरलेल्या जादा माहितीसह, तो २५ गुणिले २५ घरांत नेमका बसतो. दोन सेंटिमीटरच्या चौकोनात असे एक घर ०.८ मिलिमीटरचे होते आणि ते कुठल्याही कागदावर स्वच्छ उमटते. आता त्याच व्यापाऱ्याला असे वाटते की ग्राहकाने स्कॅन करताच "मला हळदीचा भाव कळवा" हा संदेश आपोआप लिहिला जावा. दिसायला ही चारच शब्दांची भर आहे. पण देवनागरीतील प्रत्येक अक्षर आणि त्याला जोडलेला प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी ही संगणकात वेगळी, तीन बाइटची खूण असते आणि दुव्यात लिहिताना प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचे चिन्ह व आणखी दोन अक्षरे अशी तीन चिन्हे लागतात. एका देवनागरी खुणेला नऊ चिन्हे झाली. त्या चार शब्दांत अशा १६ खुणा आहेत, म्हणजे १४४ चिन्हे; मधल्या मोकळ्या जागा आणि जोडमजकूर धरून संपूर्ण दुवा १८५ अक्षरांवर जातो. जाळी ५७ गुणिले ५७ घरांची होते आणि त्याच दोन सेंटिमीटरमध्ये एक घर जेमतेम ०.३५ मिलिमीटरचे उरते. डिझायनरने काहीही बदललेले नसते, छापखान्याने नेहमीचीच शाई वापरलेली असते, तरीही गेल्या वर्षी चालणारा कोड यंदा चालत नाही.

यावर उपाय मराठी सोडण्याचा नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये आपल्या क्रमांकाचा एक छोटा दुवा मिळतो आणि त्याला जोडलेला सुरुवातीचा संदेश आपल्या खात्यात साठवता येतो. तो संदेश शुद्ध मराठीत लिहिता येतो, कारण तो कोडमध्ये जातच नाही. कोडमध्ये फक्त छोटा दुवा जातो. संकेतस्थळाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे. वर्डप्रेसवर पानाचे शीर्षक मराठीत दिले की पानाचा पत्ताही बहुधा मराठीतच तयार होतो आणि कोडसाठी तो उचलताना त्याचा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला लांबलचक मजकूर होतो. शीर्षक मराठीत ठेवून पत्ता तेवढा लहान आणि रोमन अक्षरांत करावा. व्हिजिटिंग कार्डावरील कोडमध्ये नाव, हुद्दा, तीन फोन, ईमेल आणि गणपती पेठेतील दुकानाचा सविस्तर पत्ता असा सारा मजकूर भरण्याची जी रीत पडली आहे, तिच्यातही एक नाव आणि एक क्रमांक एवढेच ठेवले तर कार्डावरचा कोड पहिल्या फटक्यात वाचला जातो. बाकीचे सगळे कार्डावर छापलेले असतेच.

दुवा पूर्णपणे मोठ्या रोमन अक्षरांत लिहिला तर क्यूआर कोड तो अधिक दाट पद्धतीने साठवतो. वरच्या २६ अक्षरांच्या उदाहरणात यामुळे त्याच २५ गुणिले २५ जाळीत १५ टक्क्यांऐवजी २५ टक्के त्रुटिनिवारण बसते. ही युक्ती केवळ संकेतस्थळाचे नाव आणि आकडे एवढाच दुवा असेल तेव्हाच वापरावी, कारण संकेतस्थळाच्या नावापुढच्या भागात लहान व मोठी अक्षरे अनेक ठिकाणी वेगळी धरली जातात आणि पान सापडत नाही.

त्रुटिनिवारणाच्या चार पातळ्या असतात आणि त्या अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के बिघाड सोसतात. सर्वांत वरची पातळी नेहमीच चांगली, हा समज मात्र चुकीचा आहे. तोच २६ अक्षरांचा दुवा ३० टक्क्यांच्या पातळीवर टाकला तर जाळी २५ वरून ३३ घरांवर जाते. धूळ, ओरखडे आणि हाताळणी सोसावी लागणाऱ्या खोक्यावर वा दुकानाच्या दारावर ही किंमत देणे योग्य आहे. हातात घेऊन वाचल्या जाणाऱ्या पत्रकावर मोठी घरे अधिक कामाची ठरतात.

काही कोडमधील मजकूर आपल्या हातात नसतो, हेही खरे. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे आणि तो महारेराकडून मिळतो तसाच वापरावा लागतो. तिथे दुवा छोटा करण्याचा मार्ग बंद असल्यामुळे जागा वाढवणे एवढाच उपाय उरतो. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीत मजकुराची गर्दी करून तो कोड कोपऱ्यात नखाएवढा बसवणे म्हणजे नियमाचा हेतूच फोल ठरवणे होय, कारण घर घेणाऱ्या माणसाला प्रकल्पाची खरी माहिती तिथल्या तिथे पाहता यावी यासाठीच तो तिथे आहे.

काळा रंग चार शाईंचा आहे की एकाच शाईचा

ऑफसेटवर छापलेले, स्कॅन न होणारे पत्रक भिंगाखाली धरले की बरेच काही उलगडते. काळ्या घरांच्या एका कडेला निळसर रेघ दिसते, दुसऱ्या कडेला गुलाबी छटा दिसते आणि मधली पांढरी घरे बारीक रंगीत ठिपक्यांनी मळलेली असतात. नुसत्या डोळ्यांना मात्र तो कोड अगदी काळाभोर आणि देखणा वाटतो.

कोड बनवणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवरून मिळणारी फाइल पडद्यासाठीच्या रंगांत असते. ती कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून छपाईसाठी रंग बदलले की पडद्यावरचा काळा रंग निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चारही शाईंत विभागला जातो. मग प्रत्येक घर चार प्लेटांवरून चार वेळा छापले जाते. चारही प्लेट तंतोतंत एकावर एक बसल्या तर काही बिघडत नाही, परंतु कागद किंचित ताणला गेला किंवा रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर सरकले तरी प्रत्येक घराची कड रंगीत होऊन पसरते. ०.८ मिलिमीटरच्या घराला हे चालून जाते, ०.३५ मिलिमीटरच्या घराला चालत नाही. त्यातच कागद मॅपलिथो किंवा न्यूजप्रिंटसारखा शाई पिणारा असेल, तर चार शाईंचा ओलावा एकाच ठिकाणी जमून काळी घरे फुगतात आणि पांढरी बुजतात.

उपाय अगदी साधा आहे आणि त्याला एक पैसाही जास्त लागत नाही. कोड एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपात घ्यावा, म्हणजे तो रेषांचा राहतो आणि कितीही मोठा केला तरी कडा धारदार राहतात. त्याला रंग देताना काळी शाई १०० टक्के आणि बाकीच्या तिन्ही शून्य असे स्पष्टपणे द्यावे. प्लेट काढण्यापूर्वी प्रत्येक रंग वेगळा करून पाहावा. कोड फक्त काळ्या प्लेटवर दिसला पाहिजे. छापखान्यात हे विचारायला ग्राहकाने मुळीच संकोच करू नये. "कोड एकाच काळ्यात आहे ना?" एवढा प्रश्न पुरेसा आहे.

याहून मोठा घोटाळा होतो तो कोड व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवल्याने. पाठवताना फोटो दाबला जातो, घरांच्या कडांभोवती करडे धुके तयार होते, डिझायनर तो मोठा करतो आणि धुकेही मोठे होते. काही जण तो ट्रेस करण्याचा, म्हणजे सॉफ्टवेअरने फोटोवरून रेषा काढून घेण्याचा, प्रयत्न करतात; त्याने घरांचे कोपरे गोलावतात आणि शेजारशेजारची घरे एकमेकांना चिकटतात. माझा आग्रह असा आहे की डिझायनरने ग्राहकाकडे कोडचा फोटो मागूच नये, कोडमधला मजकूर मागावा. फोटोच आला असेल, तर तो आधी स्कॅन करून आतला दुवा जसाच्या तसा उतरवावा आणि त्यावरून नवा स्वच्छ कोड तयार करावा. कोरल ड्रॉच्या नव्या आवृत्त्यांत ही सोय आतच आहे. यूपीआयच्या कोडलाही हीच पद्धत लागू पडते, फक्त छापण्यापूर्वी एक रुपया प्रत्यक्ष पाठवून तो योग्य माणसाच्या खात्यात जमा होतो का हे पाहिलेच पाहिजे.

फ्लेक्सच्या फाइली बऱ्याचदा ७२ डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ७२ बिंदूंनी, काढल्या जातात आणि मोठ्या अक्षरांना ते पुरते. तथापि त्या मोजमापात चित्राचा एक बिंदू सुमारे ०.३५ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे फ्लेक्सच्या कोपऱ्यातील पाच सेंटिमीटरच्या दाट कोडमध्ये एका घराला जेमतेम दोन बिंदू येतात आणि कडा पुसट होतात. फ्लेक्सवर कोड मोठा असावा, नाहीतर नसावा.

आकृतीची मोडतोड

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन ही त्याची ओळखखूण आहे. त्या चौकोनावरून मध्यातून रेघ ओढली तर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा यांचे प्रमाण १:१:३:१:१ येते. पत्रके, मासिके आणि खोक्यांवरील छापील मजकूर तपासून, इतर छपाईत सर्वांत कमी आढळणारे प्रमाण म्हणून ते निवडले गेले. फोनचा कॅमेरा त्या प्रमाणाच्या आधारे कोड शोधतो. हे एकदा ध्यानात आले की डिझाइनमध्ये काय करू नये हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

कोपऱ्यातील चौकोनांना फुलांचा आकार देणे, त्यांवर बोधचिन्ह ठेवणे, किंवा जागेत बसवण्यासाठी कोड एका बाजूने ओढून आयताकृती करणे, या सगळ्याने ते प्रमाणच बिघडते. कोपऱ्यातील चौकोन तुटला तर त्रुटिनिवारण मदतीला येत नाही, कारण ते फक्त आतल्या मजकुरासाठी असते. कोड आहे हेच कॅमेऱ्याला कळले नाही, तर दुरुस्ती कशाची करायची? बोधचिन्ह हवेच असेल तर बरोबर मध्यात, कोडच्या रुंदीच्या पाचव्या भागापेक्षा मोठे नाही असे ठेवावे आणि त्रुटिनिवारणाची पातळी वरची निवडावी.

कोडभोवती चारही बाजूंनी चार घरांइतका कोरा समास लागतो. वरच्या ०.८ मिलिमीटरच्या घरांच्या कोडला हा समास सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास होतो. हळदीच्या ढिगाच्या फोटोवर कोड बसवताना मागचा पांढरा चौकोन विजोड दिसतो म्हणून काढून टाकला जातो आणि कोड तिथेच बाद होतो. पार्श्वभूमी पिवळी असली तरी चालेल, परंतु ती सपाट आणि फिकट असावी आणि तिच्यावरची घरे गडद असावीत. काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी घरे काही फोनांना वाचता येत नाहीत. लग्नपत्रिकेवरील सोनेरी फॉइलमध्ये कोड छापण्याचा मोह टाळावा.

घडीचा विचारही छपाईपूर्वीच व्हायला हवा. वर्तमानपत्रात घालून वाटले जाणारे पत्रक अंकाबरोबर दुमडले जाते आणि घडी कोपऱ्यातील चौकोनावरून गेली की दोन दिवसांत तिथली शाई निघते. पत्रकाची कोरी प्रत आधी प्रत्यक्ष दुमडून पाहावी आणि कोडची जागा त्यानंतरच ठरवावी.

जाहिरात कुठे लागणार आहे

कोड जितक्या अंतरावरून वाचायचा, त्याच्या दहाव्या भागाएवढी त्याची बाजू असावी, हा व्यवसायातील ढोबळ नियम आहे. हातातील पत्रकासाठी दोन ते अडीच सेंटिमीटर, दुकानाच्या दारावरील पोस्टरसाठी सहा इंच, आणि तीस फुटांवरच्या फलकासाठी तीन फूट. जाळी दाट असेल तर याहून मोठा.

तथापि सांगली-मिरज रस्त्यावरील होर्डिंगच्या बाबतीत अंतरापेक्षा वेळेचा हिशेब महत्त्वाचा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. दुचाकीवरील माणूस खिशातून फोन काढून स्कॅन करेल अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे आणि त्याच्या जिवाला धोक्याचेही आहे. अशा फलकावर नाव, काम आणि ठळक फोन क्रमांक असावा. कोडची खरी जागा म्हणजे माणूस जिथे थांबलेला असतो आणि ज्याच्या हाताला काम नसते ती जागा: एसटी स्थानकाचा फलाट, मिरजेतील दवाखान्यांची प्रतीक्षागृहे, सलूनमधील आरसा, रसवंतीगृहातील टेबल. तिथे ग्लॉसी लॅमिनेशनऐवजी मॅट घ्यावे, कारण ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नेमके कोडवर पडून कॅमेरा आंधळा होतो. बेदाण्याच्या चौकोनी पाकिटाच्या सपाट बाजूवर कोड नीट बसतो. बरणीच्या गोलाईवर तो लहान ठेवावा लागतो.

स्कॅन होतो, पण पान उघडत नाही

फोनने कोड वाचल्यावर पान उघडण्याआधी पत्ता दाखवला जातो. तो पत्ता लक्षपूर्वक वाचावा. तिथे आपल्या संकेतस्थळाचे किंवा व्हॉट्सअॅपचे नाव न दिसता कोड बनवून देणाऱ्या कुठल्यातरी सेवेचे नाव दिसत असेल, तर तो कोड आपला नाही, भाड्याचा आहे. अशा कोडला गतिमान कोड म्हणतात. त्याची सोय मोठी असते, कारण छापल्यानंतरही आतला दुवा बदलता येतो आणि किती जणांनी स्कॅन केले हे मोजता येते. पण मोफत मुदत संपली किंवा वर्गणी भरली नाही की तो एके दिवशी बंद पडतो. दिवाळी अंकातील जाहिरात महिनोन्महिने वाचली जाते आणि दिनदर्शिका तर वर्षभर भिंतीवर असते, त्यामुळे पंधरा दिवसांच्या मोफत मुदतीचा कोड त्यांवर छापणे म्हणजे वर्षभराच्या जाहिरातीतील साडेअकरा महिने वाया घालवणे आहे.

ज्याचे स्वतःचे संकेतस्थळ आहे त्याने भाड्याच्या कोडच्या वाटेला जाऊच नये. आपल्याच नावापुढे एक छोटा पत्ता तयार करून तो हव्या त्या पानाकडे वळवता येतो. दिवाळी अंकासाठी एक, पत्रकासाठी दुसरा, एसटी स्थानकावरील फलकासाठी तिसरा असे पत्ते ठेवले तर कुठल्या जाहिरातीतून किती लोक आले हेही कळते, दुवा कधीही बदलता येतो आणि संकेतस्थळाचे नूतनीकरण वेळेवर होत राहिले तर कोड बंद पडत नाही. या नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या भाडेकराराइतकीच जपावी.

गुगल ड्राइव्हवरील दरपत्रक उघडताना "परवानगी मागा" असे पान येत असेल, तर फाइल खासगी राहिली आहे. दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल असा बदल केला की काम होते. कोडची चाचणी मालकाच्या स्वतःच्या फोनवर घेतल्यामुळे हा दोष लपून राहतो, कारण त्याला परवानगी आधीच असते. म्हणून चाचणी नेहमी परक्या फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर घ्यावी.

यूपीआयचा कोड आणि माहितीचा कोड शेजारीशेजारी छापले की कॅमेरा कधी एक उचलतो, कधी दुसरा. त्यांच्यात भरपूर अंतर ठेवावे, शक्यतो कागदाच्या दोन बाजूंना छापावेत आणि पैशांच्या कोडखाली "पैसे भरण्यासाठी यूपीआय अॅपमधून स्कॅन करा" असे स्पष्ट लिहावे. सार्वजनिक जागी लावलेल्या पैशांच्या कोडवर कोणी दुसरे स्टिकर तर चिकटवलेले नाही ना, हे रोज सकाळी दुकान उघडताना हात फिरवून पाहावे. अशा प्रकारे पैसे भलत्याच्या खात्यात वळवले जातात.

सगळे ठीक आहे, तरी कोणी स्कॅन करत नाही

कोडखाली काहीच लिहिलेले नसेल, तर लोक तो स्कॅन करत नाहीत, आणि फसवणुकीच्या बातम्या वाचलेल्या माणसाने तसे करणे शहाणपणाचेच आहे. "आजचा हळदीचा भाव पाहा", "प्रवेशाचा अर्ज इथे भरा", "दुकानापर्यंतचा रस्ता" असा नेमका शब्द कोडशेजारी मराठीत द्यावा, खाली पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत छापावा आणि फोन क्रमांक कधीही गाळू नये. दुवा संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर न नेता, सांगितलेल्या गोष्टीवरच नेऊन ठेवावा.

प्रती छापून झाल्या असतील तर

सर्व प्रती रद्दीत घालण्याची वेळ फार कमी वेळा येते. दोष दुव्यात असेल आणि दुवा आपल्याच संकेतस्थळाचा असेल, तर कोडमध्ये जो चुकीचा पत्ता छापला गेला आहे तोच पत्ता संकेतस्थळावर तयार करून योग्य पानाकडे वळवावा. कागदाला हात लावावा लागत नाही. भाड्याचा कोड बंद पडला असेल, तर वाटप संपेपर्यंतची वर्गणी आणि स्टिकरचा खर्च यांची तुलना करून निर्णय घ्यावा. दोष आकाराचा किंवा शाईचा असेल, तर स्टिकर हाच मार्ग आहे. ते मॅट कागदावर, एकाच काळ्या शाईत छापावे, पाचसहा वेगवेगळ्या फोनांवर तपासावे, आणि जुन्या कोडपेक्षा चारही बाजूंनी इतके मोठे घ्यावे की नव्या कोडचा कोरा समास स्टिकरवरच राहील आणि जुन्या कोपऱ्यातील चौकोनाची एकही कड बाहेर डोकावणार नाही. स्टिकरचा कागद पातळ असेल तर जुना कोड त्याखालून दिसतो का, हे पत्रक उजेडासमोर न धरता टेबलावर ठेवून पाहावे, कारण ग्राहकही ते तसेच वाचणार आहे.